तासांची वही

सहाशे तास भरायचे आहेत.
त्यातले दोनशे चाळीस समोरासमोर,
म्हणजे एक खुर्ची माझी, एक मुलाची,
आणि मध्ये कागदी रुमालांचा डबा:
हाताला लागेल असा, पण
'रड आता' असं म्हणणार नाही, असा ठेवायचा.
हेही शिकवतात. पहिल्याच सत्रात.

बाकीचे तास फायली, फोन, बैठका
आणि कुणाचं तरी वेळापत्रकात अडकलेलं बीजगणित.

याआधी चौदा वर्षं मी शाळेची बस चालवली,
सात नंबरची, उत्तर मेनमध्ये, नदीकाठच्या रस्त्यानं.
पलीकडे कॅनडा, अलीकडे बटाटे.
मुलं मला आरशात दिसायची.
डोक्यावरचा लांबोडका आरसा,
त्यात अठ्ठेचाळीस डोकी.
कोण खिडकीला कपाळ टेकवून बसलंय,
कुणाच्या अंगावर सलग चार दिवस तोच स्वेटर.
आरशातून प्रश्न विचारता येत नाहीत,
त्याचं तेवढं बरं होतं.

आता प्रश्नच विचारायचे.
पण 'का' नाही विचारायचं.
डॉ. बूशार म्हणतात, 'का' म्हटलं की पोर
कोपरा गाठतं, पाठ भिंतीला लावतं.
'काय' विचारा. 'कसं' विचारा.
आणि मग गप्प बसा.
माझी पहिली टेप त्यांनी वर्गासमोर लावली.
बारा मिनिटांतली नऊ मिनिटं
मीच बोलत होते.
बाविशीतली पोरं भिडेखातर वह्यांत बघत राहिली.
डॉक्टर एवढंच म्हणाल्या,
'गिलेन, स्टिअरिंग सोड.'

ऑक्टोबरात, बटाट्यांची सुट्टी संपल्यावर,
एमरी ड्यूबे आला.
आठवीतला. नखांत अजून शेताची माती.
तीन आठवडे मशीनवर उभं राहून
बटाट्यांतून दगड वेचलेले हात
मांडीवर ठेवून बसला,
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे.

मला त्याचं घर माहीत आहे.
तुटलेली पायरी कितवी, माहीत आहे.
मार्चपासून अंगणात एकच गाडी असते
आणि ती त्याच्या बापाची नाही, हेही.
पण त्यानं सांगेपर्यंत
मला हे माहीत असता कामा नये.
माहीत असलेलं दाराबाहेर ठेवून
आत कसं यायचं,
त्यावर पुस्तकात धडा नाही.

'कसे गेले तीन आठवडे?'
'ठीक.'
'ठीक म्हणजे काय काय?'
'ठीक.'

मी गप्प. तो गप्प.
रेडिएटर तेवढा खोकत होता.
जिभेवर आलेलं वाक्य मी आवरलं,
बर्फावर ब्रेक लावतात तसं,
एकदम नाही, हळूहळू,
नाहीतर सगळंच घसरतं.

मग खिडकीकडं बघत तो म्हणाला,
'आमच्या दारात तुम्ही दोनदा हॉर्न द्यायचात.
बाकी सगळ्यांना एकदा.'

द्यायचे.
आई रात्रपाळीहून परतलेली नसायची,
बाप तीनलाच लाकडांचा ट्रक घेऊन गेलेला.
पहिला हॉर्न उठण्यासाठी,
दुसरा बुटांसाठी.
मला वाटायचं, हे कुणाला कळत नाही.

'नवा माणूस एकदाच देतो,' तो म्हणाला.
'आणि निघतो.'

टेप कागदावर उतरवताना
इथं मी लिहिलं: अकरा सेकंद शांतता.
डब्यातला रुमाल त्यानं घेतला नाही.
मी घेतला. तेही लिहिलं,
लपवायचं नसतं म्हणून.

मग त्याला विचारून, त्याच्या देखत,
मी गॅरेजवर फोन लावला.
लिओ म्हणाला, 'दोनदा? बरं. एवढंच ना?'

वहीत लिहिलं:
समोरासमोर, चाळीस मिनिटं.
अप्रत्यक्ष, फोन, चार मिनिटं.

डॉ. बूशारनी समासात पेन्सिलीनं विचारलंय,
हे नेमक्या कुठल्या सिद्धांतात बसतं?
शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.
उद्या पावणेसातला मी
त्या रस्त्यानं जाणार नाही.
खिडकी उघडी ठेवीन फक्त,
वारा नदीकडून असला तर
दीड मैलावरचं ऐकू येतं.